काया रंगवजो

पुलगाव, ४ जून २००६

ती. मुकेशकाकाले,

मंजूचा नमस्कार. 'ती.' म्हणजे काय ते मले माहीत नाई. आईले विचारलं तर म्हणे, "मोठ्या माणसाले लावतात, लाव." लावलं.

मी मंजुषा, किसनरावची पोरगी. तुम्ही मले शेवटचं पाहिलं तेव्हा मी सेकंडमध्ये होती अन् समोरचे दात पडले होते, असं आई सांगते. आता मी वर्ध्याले इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून राह्यली. रोज पॅसेंजरनं अप-डाऊन.

मागच्या आठवड्यात मी तुमाले फोन केलता. तुम्ही "हॅलो" म्हटलं, मी "काका, पुलगाववरून मंजू" म्हटलं, अन् तुम्ही "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. पण काका, तुमचा आवाज एकदम बाबासारखा आहे. सेम टू सेम. ओसरीत बाबा खोकलत होते अन् फोनमध्ये बाबा राँग नंबर म्हणत होते. मी रिसीव्हर पकडून उभीच राह्यली.

म्हणून पत्र. पत्राले राँग नंबर म्हणता येत नाई.

आमच्या शाळेत मराठी फक्त एक सब्जेक्ट होता, म्हणून घरी बोलतो तशीच लिहून राह्यली. फक्त 'ळ' तेवढा नीट लिहीन. आमच्या मिस त्याच्यावरून लय रागवायच्या. आपल्या घरी ळ कोणाच्याच तोंडात नाई, केळ्याले केयं अन् डोळ्याले डोया. पण पत्रात मी सगळ्यांच्या तोंडात ळ टाकून देते. पत्र चांगलं दिसाले पाहिजे ना.

काम असं आहे. परवा माळ्यावरून फवारणीचा पंप काढाले गेली तर त्याच्या मागं युरियाच्या पोत्यात बांधलेलं काहीतरी जड सापडलं. मले वाटलं शिलाई मशीन. पोतं सोडलं, अन् काका, टू-इन-वन! केवढा मोठा! दोन स्पीकर, मधात कॅसेटचं दार, वर एरियल, अन् काचेमागं सुयावाले दोन मीटर. मी असे सेट वर्ध्याच्या सायबर कॅफेत नेटवर पाहिले होते. बाहेर देशात लोक त्याले बूमबॉक्स म्हणतात. जुने शोधून आणतात अन् कंपनीतून निघाले तसे पुन्हा करतात, चमचम सिल्व्हर. मी ते फोटो पाहून पाहून वेडी झालती, अन् इथं माझ्याच डोक्यावर, माळ्यावर, तो झोपून होता! मी शिडीवरच बसून राह्यली.

पण हा काळा आहे. ब्रशनं मारलेला काळा ऑइलपेंट. बटणावर, जाळीवर, कंपनीच्या नावावरसुद्धा.

खाली आणला. बाबांनी पाहिला अन् चहाचा कप खाली ठेवला.

"ठेवून दे जिथून काढला तिथं."

मी म्हटलं, "बाबा, मी रिपेअर करते ना. हा काळा रंग काढते, सिल्व्हर करते."

"आतमधलं काय कराचं ते कर. रंगाले हात लावू नोको. मुकेशचा सेट हाय. रंगाचं त्याले विचार."

"तुम्हीच विचारा ना, तुमचा भाऊ आहे."

ते उठले अन् बैल सोडाले गेले. काका, बैल सोडलेलेच होते.

तर विचारून राह्यली. रंग काढू का? फक्त 'हो' लिहा. भिलाईवरून इथं यायले तुमाले गाडी बदलावी लागत नाई, पत्रालेही लागत नसन.

तुमची,
मंजू


पुलगाव, १८ जून २००६

काका,

तुमचं पत्र नाई आलं. मी आत गेली. म्हणजे सेटच्या आत. त्याची परवानगी होती.

मागचे स्क्रू काढले, झाकण उचललं अन् किती वेळ कशालेच हात लावला नाई. कॉलेजमध्ये आम्ही जे बोर्ड पाहतो ते चपटे, सारखे, जसे प्लॉट पाडले. हा तर गाव होता! रेझिस्टर लाल, तपकिरी, सोनेरी पट्ट्याचे, कॉइलवर मेण, वायरी दोऱ्यानं बांधलेल्या, अशा की कोणी पोरीची वेणी घातली. जपानमध्ये कोण्या माणसानं ते दोरे बांधले असन, त्याले काय माहीत की हे पुलगावात उघडन.

सेल आतच राहिले होते. फुटून पांढरी-हिरवी बुरशी झालती. ती लिंबाच्या रसानं काढली. कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा विरघळून डांबर झालता, माझे हात तुमच्या सेटपेक्षा काळे झाले. नवीन पट्टा नागपूरच्या सीताबर्डीवरून आणला. दुकानदार म्हणे, "मॅडम, इसको फेंको, नया ले लो." मी म्हटलं, तुम्हाले फेकलं असतं तर?

पण सगळ्यात भारी काय माहीत आहे? दोरा! स्टेशनचा काटा सरकवाले एक साधा दोरा आहे. बारक्या बारक्या चाकावरून फिरतो, एका स्प्रिंगले अडकतो, अन् तेवढ्यावर अख्खी दुनिया पकडते. तो तुटलेला होता. मी नेटवरून त्याचं चित्र काढून आणलं तरी काटा उलटा सरके. उजवीकडं फिरवलं की डावीकडं. आई भाकरी टाकता टाकता पाहत होती. ती म्हणे, "मुकेश त्या मधल्या चाकाले दोन येढे देये." गोधडीचा दोरा मेणबत्तीवरून ओढून तिनंच दिला. दोन वेढे दिले, काटा सुलटा! मी आईकडं पाहतच राह्यली. तिनं भाकरी उलटवली अन् म्हणे, "पाय काय राह्यली, दीर होता तो माहा. माह्याच डब्यातला दोरा नेये."

मंग दिवेलागणीले लावला. आधी नुसती खरखर. मी शॉर्टवेव्हवर काटा सरकवला, अन् काका, खरखरीतून एक बाई बोलाले लागली. कोणती भाषा ते माहीत नाई. सुयावाले दोन्ही मीटर तिच्या आवाजावर उठून राह्यले, बसून राह्यले. तार नाई, केबल नाई, कुठच्या समुद्रापलीकडून ती बाई आमच्या ओसरीत! मोबाइलवर मी रोज बोलते पण कधी असा काटा आला नाई अंगावर.

मागं पाहिलं तर बाबा दारात. आत आले नाई, गेलेही नाई. म्हणे, "हे बाई मुकेशले रोज भेटे. तो म्हणे, माही मावशी हाय."

बाबा तुमचं नाव घेतात तेव्हा आवाज हळू करतात. रागानं करत असन असं मले आजवर वाटे. त्या दिवशी तसं नाई वाटलं.

मावशीनं विचारलं आहे, रंगाचं काय?

मंजू


पुलगाव, ९ जुलै २००६

काका,

तुमचं कार्ड आलं! पोस्टमन गेटवरूनच ओरडला, "मंजुषा, भिलाई!" आई हात पुसत धावली. त्याच्यावर एवढंच होतं, 'जे करायचं ते कर. मला विचारू नकोस.'

आई म्हणे, "लिहिलं त खरं." अन् ते कार्ड तिनं देवाजवळ ठेवलं. तुम्ही रागानं लिहिलं असन तर सांगून ठेवते, रोज त्याले उदबत्ती भेटून राह्यली.

मी बाबाले वाचून दाखवलं. ते म्हणे, "हे काही हो नाई झालं." म्हणजे रंग अजून तसाच.

पण एक गोष्ट घडली. सेलच्या खालच्या दाराजवळ बुरशीनं रंग आपोआपच फुगून उडाला होता. तिथं खरबरीत राहू नये म्हणून मी पाणीपेपर घासला. थोडंसंच, रुपयाएवढं. काळ्याच्या खाली सिल्व्हर निघन असं वाटलं होतं. निघाला लाल. मंग लालच्या कडेले पिवळा. पिवळ्याच्या आत निळा. हिरवा, केशरी, जांभळा. गुलाबी. परत पिवळा. अन् एकदम मधात, तांदळाएवढी, चांदी.

जत्रेतली ती गोळी असते ना, चोखता चोखता रंग बदलते, तशी! एकात एक गोल. मी भिंग आणून पाहिलं. पाणी मारलं की सगळे रंग जिवंत होत. माझा पेपर धरलेला हात थांबून गेला. आणखी एक घास मारला असता तर कोण जाणे कोणता रंग पुसला गेला असता.

आईले बोलावलं. तिनं चष्मा लावला अन् हसाले लागली.

"हे त आपले पोळे हायेत वं!"

मंग तिनं सांगितलं. पोळ्याले बैलाची शिंगं रंगवून जो ऑइलपेंट उरे, तो तुम्ही सेटले लावत होते. दरसाल. म्हणे, "मुकेश म्हणे, वहिनी, बैल वर्सभर राबते तसा हाही राबते, याले काऊन सोडाचं? आन् मंग सेटले बेगड लावे, हार घाले, आन् बैलासंगं तोरणाखाली नेऊन उभा करे. लोक हासत. हा म्हणे, हासा, पुरणपोळी त याले बी भेटली."

बोटानं एकेक रंग दाखवत गेली. पहिला पिवळा, सेट घेतला ते साल, मिलिटरी डेपोतल्या सुभेदाराची बदली झाली अन् त्याच्याकडून घेतला. निळा, विहिरीले पाणी लागलं ते साल. लाल, तुम्ही भिलाईले जायच्या आधीचा पोळा. अन् गुलाबीवर ती थांबली.

"हा तू झाली तवाचा. मुकेशनं दोन्ही बैलाची शिंगं गुलाबी केली. पूरं गाव म्हणे, अबे, हे बैल हायेत का नवऱ्या? हा म्हणे, आमच्या घरी पोरगी झाली, ज्याले पायाचं नाई त्यानं डोळे झाका."

काका, हे मले कोणीच सांगितलं नव्हतं. एकोणीस वर्षाची झाली मी, अन् माझ्या जन्माचा रंग एवढे दिवस माळ्यावर होता, केसाएवढ्या जाडीचा.

नेटवर एक माणूस आहे, लय सेट रिस्टोर केलेला. त्याले मी फोटो पाठवला. तो म्हणे, सगळं घासून सिल्व्हर कर, ओरिजनल तेच. आधी मलेही तेच पाहिजे होतं. आता मले समजत नाई ओरिजनल कोणतं.

पण मंग वरून काळा कोणी मारला? आई म्हणे, "ते तुह्या बापाले विचार," अन् वरण उतू गेल्यासारखी आत पळाली. चुलीवर काहीच नव्हतं.

मंजू


पुलगाव, २३ जुलै २००६

काका,

तुमचं दुसरं कार्ड भेटलं. 'काळं कोणी केलं ते तुझ्या बापाला विचार. एकदा डोळ्यानं पाहिलं, पुरे झालं.' हे आईनं देवाजवळ नाई ठेवलं.

मी आईले धरून बसवलं अन् सगळं काढलं. भिलाईले गेल्यावरच्या पहिल्याच साली तुम्ही पोळ्याले आले नाई, नवीन नोकरी होती. दसऱ्याले आले. आल्या आल्या सेट पाहाले गेले. काळा पाहून तुम्ही म्हटलं, "एवढा राग होता त तोंडावर बोलाचं होतं, दादा." अन् बाबा म्हणे, "माह्यावर कायले येतं? हे त तुह्यंच काम हाय." तुम्ही बॅग उचलली अन् सोनं न देताच स्टेशनवर गेले. तुमच्या खिशात आपट्याची पानं होती, आईनं पाहिली होती.

मले बाबाचा लय राग आला. खरं सांगते. भाऊ गाव सोडून नोकरीले गेला म्हणून त्याच्या वस्तूले काळं फासाचं, अन् वरून तुह्यंच काम म्हणाचं?

वावरात गेली. बैल जुंपून तणाची डवरणी चालू होती, कपाशी गुडघ्याएवढी आहे. बाबा तास संपवून वावराच्या कडेले धुऱ्यावर आले, बैल थांबवले. मी सरळ विचारलं, "काकाचा सेट काळा काऊन केला?"

ते माझ्याकडं असे पाहाले लागले, जशी मीच येडी.

"त्यानंच सांगितलं."

"कोणी?"

"मुकेशनं. ताराचंदच्या एसटीडीवर फोन आलता त्याचा. यंदा पोळ्याले येणं होत नाई, दादाले सांग, सेट काळा रंगवून ठेवजो म्हणे."

"अन् तुम्ही रंगवला?"

"मंग? भावानं सांगितलं."

"काऊन म्हणून विचारलं नाई?"

"कायले विचाराचं? त्याचं काही कारण असन. तिकडं शहरात काळ्याचीच फॅशन असन." मंग बैलाच्या पाठीवरची माशी हाकलून म्हणे, "जिवावर आलतं. सणाच्या दिवशी काळा डबा विकत आणला. तुही माय दोन दिवस बोलली नाई. शिंगं रंगवून झाली आन् मी काळा ब्रश घेऊन बसलो, गावची पोरं जमली, म्हणे किसनभाऊ, सेट वारला काय? मी ब्रश डब्यात बुडवला."

"पण बटणं कायले रंगवली बाबा? जाळी कायले?"

"काळा म्हणजे पूरा काळा. मधात कुठं लाल राह्यला असता त मुकेश म्हणला असता, दादाले एक काम सांगितलं, तेही धड केलं नाई."

काका, मी धुऱ्यावर बसली. गाव हसून राह्यलं, बायको बोलत नाई, अन् हा माणूस बारक्या ब्रशनं एकेक बटण काळं करून राह्यला, कारण भावानं सांगितलं. काऊन ते माहीत नाई. विचारतही नाई. मी असं प्रेम पाहिलं नाई काका. आम्ही तर 'आय नीड अ रीझन' म्हणाले शिकलो.

मंग तो भाऊ येते अन् म्हणते, एवढा राग होता त.

म्हणून आता मी तुमाले विचारते. तुम्ही सांगितलं होतं का? हो असन तर मंग रागावले काऊन? नाई असन तर बाबा खोटं बोलत नाई, हे मी बैलाच्या शेपटीले हात लावून सांगते.

मंजू


पुलगाव, ६ ऑगस्ट २००६

काका,

तुमच्या उत्तराची वाट पाहाले मले जमत नाई. हे पत्र उभ्यानं लिहून राह्यली समजा.

आज रूपराव पेंटरकडं गेलती. तुमचा भजनातला दोस्त, आता गाड्या रंगवते. मले फक्त विचाराचं होतं की प्लास्टिकवरचा ऑइलपेंट कशानं निघते. तो म्हणे, "थिनर लावजो नोको, प्लास्टिक खाते. ब्रेकचं तेल लाव. पूऱ्या वर्धा जिल्ह्यात हे मलेच माईत हाय." मंग सेट पाहिला अन् हातातली स्प्रे-गन खाली ठेवली.

"अबे, हे त मुकेशची काया!"

मी म्हटलं, "हो ना, बाबांनीच केली काळी."

"तसं नाई वं पोरी. काया. काया म्हंजे देह. भजनात नाई का येत, काया माया? मुकेश सेटच्या बॉडीले बॉडी म्हणतच नव्हता. म्हणे, रूप्या, काया दरसाल रंगवाची, आत्मा त सेलवर चालते. लय हासो आमी. पोया आला की म्हणे, चाल, काया रंगवू."

काका, माझ्या कानात काहीतरी वाजलं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की बाबा म्हणे, 'सेट काळा रंगवून ठेवजो.' बाबा असं बोललेच नाई! बाबा कधी 'काळा' बोलत नाई, पूरं घर बोलत नाई. बाबा बोलले 'काया'. ळ मी टाकला. पत्र चांगलं दिसावं म्हणून मी प्रत्येकाच्या तोंडात ळ टाकत गेली अन् तो शब्द मीच झाकून टाकला. आता नाई टाकणार. जे बोलतात तेच लिहीन.

सायकल काढली अन् ताराचंदजीकडं गेली. एसटीडीचा डबा अजून आहे पण त्यात आता रिचार्ज कूपनं ठेवते. मी विचारलं, "बारा वर्षाआधी मुकेशकाकाचा फोन आलता, आठवते?"

ते म्हणे, "कैसे नहीं आठवणार बेटा? उसके बाद पुरे गाव ने हसा ना. मैंने जो सुना वही बोला. आपुन शब्द का पक्का आदमी."

"काय ऐकलं होतं? शब्द अन् शब्द सांगा."

"दादा को बोल, सेट की... सेटची काया रंगवून ठेवजो, मी दसऱ्याले येतो."

"अन् बाबाले काय सांगितलं?"

"वही. सेट काया रंगवून ठेवजो."

"मधातला 'ची' कुठं गेला ताराचंदजी?"

ते माझ्याकडं पाहाले लागले. "एक 'ची' से क्या होता है बेटा?"

मी काय सांगू त्यांले! एक 'ची' अन् दोन भाऊ.

तुम्ही म्हटलं सेटची काया, म्हणजे देह. कोणताही रंग, शिंगाचा उरलेला, नेहमीसारखा. म्हणजे तुम्ही नाई तरी पोळा चुकू नये. बाबांनी ऐकलं काया, म्हणजे काळा. अन् केला. पूरा. बटणासकट. तुम्ही दसऱ्याले पाहिलं अन् वाटलं दादानं तोंडाले काळं फासलं. तुम्ही म्हटलं राग होता त बोलाचं होतं, अन् बाबा म्हणे तुह्यंच काम हाय. ते खरंच म्हणून राह्यले होते काका! तुम्हीच सांगितलं असं त्यांना वाटत होतं! दोघं खरं बोलले, अन् दोघांचं खरं एकमेकाले लागलं.

मी सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आली. बसाचं सुचलंच नाई.

बाबाले अजून सांगितलं नाई. भेव वाटते. इतकी वर्षं ज्याच्यावर गेली ते एक अक्षर होतं, हे या वयात कोणाले कसं सांगतात? तुम्हाले तर मी लिहून टाकलं, तुमचा चेहरा मले दिसत नाई. बाबाचा दिसन.

मंजू


पुलगाव, १३ ऑगस्ट २००६

काका,

सांगितलं.

काल संध्याकाळी. बाबा ओसरीत नवी वेसण वळून राह्यले होते, पोळा आला आहे. सेट बाजूले, हळू आवाजात चालू. आई तांदूळ निवडत. मी रूपरावचं सांगितलं, ताराचंदजीचं सांगितलं. बाबाचे हात थांबले.

"म्हंजे," ते म्हणे, "काया नाई, काया?"

"हो बाबा. काया नाई, काया."

"आन् मी केला तो?"

"काया."

आईनं सूप खाली ठेवलं. "काय काया-काया लावली हाय बापलेकींनी?"

मी तिले समजावलं. बॉडी, ब्लॅक, बॉडी, ब्लॅक. तिले समजलं अन् ती आधी हसली, मंग पदर तोंडात धरून अशी रडाले लागली की तांदूळ सांडले. मंग बाबाले म्हणे, "बारा वर्स! एक गोष्ट विचाराले तोंड नोतं तुमाले? आन् त्याले नोतं? एका मायची दोन दगडं!"

बाबांनी वेसण बाजूले ठेवली. सेट मांडीवर घेतला. काका, सहा किलोचा सेट आहे, त्यांनी लेकरासारखा घेतला. खालचा तो रुपयाएवढा गोल पाहिला, माझ्या घासण्यानं निघालेला. लाल, निळा, गुलाबी. त्याच्यावरून अंगठा फिरवत राह्यले. रेडिओ मांडीवरच बोलत होता, सुया उठत होत्या, बसत होत्या, अन् बाबाच्या बोटाले तो आवाज लागत असन.

मंग म्हणे, "लाल दिसते. मले वाटलं होतं, मी पूरा झाकला."

मी म्हटलं, "बाबा, आता काढू का काया रंग? ब्रेकच्या तेलानं हळूहळू फक्त वरचा एक थर निघन. खालचे सगळे पोये तसेच राहतीन, त्या गोलाच्या कडेले मी करून पाहिलं आहे. का सिल्व्हर करू? का नवीन मारू?"

"मी नाई सांगत."

"मंग कोण सांगन?"

त्यांनी हात पुढं केला. मले वाटलं चष्मा मागून राह्यले. ते म्हणे, "पेन."

मी पेन दिला अन् वहीतला एक कोरा कागद. त्यांनी मले आत पाठवलं. लिहाले किती वेळ लागला काय सांगू. चहा झाला, निवला, आईनं परत गरम केला. दोन-चार ओळी आहेत. मी त्यातलं एकही अक्षर नीट केलं नाई. तो कागद जसा आहे तसा खाली जोडला आहे.

मंजू


मुकेश
पोया २३ तारखेले हाय. बैल नवे हायेत तू पायले नाई. सेटले यंदा कोनता रंग द्याचा ते येऊन सांग. फोनवर सांगू नोको. मले आयकू येते पन समजत नाई.
दादा